सगळ्यात पिवळा खळगा

आजवर मी जितकी अंडाशयं डोळ्यांखालून घातली, तितकी आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या नावाजलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञानेही घातली नसतील. फरक एवढाच, की माझी सगळी उंदरांची होती. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढं एकेक अंडाशय, गुलाबीसर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्यावर बारीक बारीक फुगे दिसतात. त्या फुग्यांना सुई टोचून आतल्या पेशी बाहेर काढायच्या, त्या जगवायच्या, आणि त्यांना कुठलं हार्मोन दिलं म्हणजे त्या कुठलं हार्मोन किती बनवून देतात हे मोजत बसायचं, हा माझा पीएचडीचा विषय. माझं लग्न जमवताना 'मुलगी कशात संशोधन करते' या प्रश्नाला वडिलांनी 'सायन्समध्ये' एवढंच उत्तर देऊन पाहुण्यांना चहा विचारला होता.

मी शेवगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि संशोधनासाठी मिळेल त्या सुट्टीला, मिळेल त्या एसटीने नगरला जाते. जिल्ह्याचं नाव बदललं, बसवरच्या पाट्याही बदलल्या, कंडक्टर मात्र अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो आणि आम्हीही त्याच हाकेला चढतो. राहतो आम्ही शेवगावपासून थोडं आत, नवऱ्याच्या गावात. घरात मी, हायस्कूलवर गणित शिकवणारा नवरा आणि सासूबाई, शिवाय गोठ्यात दोन जर्सी गाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. गावात मला 'उंदरांची डॉक्टर' हे नाव कधीच पडलं होतं. पीएचडी अजून पदरात पडली नव्हती, पण गाव असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी थांबत नाही. आत्यांना मात्र ते नाव साफ नामंजूर होतं. कुणी तसं म्हटलं की त्या जिथे असतील तिथून सुधारायच्या, "उंदराची कशाची? बायांच्या पोटातलं समदं कळतं तिला."

यावर मी विनयाने हसायची. 'नाही हो आत्या, मी खरंच उंदरांचीच' असंही म्हणायची, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याचा त्यावर विश्वास बसू नये. व्हायचं तेच झालं. गल्लीतल्या बाया सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत घालून आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. मी कुणाला औषध कधी सांगितलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. पण रिपोर्ट उजेडाला धरून 'हं' म्हणायची. ते 'हं' मी फार विचारपूर्वक म्हणायची. आणि 'डॉक्टरांनाच दाखवा' असं सांगून झालं की माझं व्याख्यान सुरू व्हायचं.

व्याख्यानात मी भाकरी वापरायची. अंडाशयातल्या फुग्याला म्हणे दोन जावा असतात. एक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला राहते, दुसरी आतल्या. बाहेरच्या पेशी कच्चा माल तयार करतात, म्हणजे पीठ मळतात. तो कच्चा माल असतो चक्क पुरुषी हार्मोन, हे ऐकून बाया पदर तोंडाला लावायच्या. आतल्या पेशी तो माल घेतात आणि त्याचं इस्ट्रोजेन करतात, म्हणजे भाकरी भाजतात. बाहेरचीला भाजता येत नाही, आतलीला मळता येत नाही. दोघींचं पटलं तर घर जेवतं. एकदा एका म्हातारीने विचारलं, की मग यात सासू कोण? मी म्हटलं, आहे ना, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी गाठ असते, ती सासू. ती बाहेरच्या जावेला एलएच नावाचा निरोप पाठवते आणि आतल्या जावेला एफएसएच नावाचा. निरोप आला की कामाला लागायचं. काम झालं नाही तर ती आणखी मोठ्याने ओरडते. त्या दिवशी आमच्या ओट्यावर जेवढं हसू झालं तेवढं कॉलेजातल्या माझ्या कुठल्याच तासाला झालं नाही. आत्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या आणि आपलीच परीक्षा पास झाल्यासारख्या दिसत होत्या.

एवढी विद्वान सून घरात, आणि पाळणा मात्र हलत नव्हता. यावर गाव काय बोलत असेल ते मला कळत होतं. पण घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आमच्याकडे गाईचं सगळं मोकळेपणाने बोललं जातं. गाय माजावर आली का, डॉक्टर भरवायला कधी येणार, मागच्या वेळी का राहिली नाही, ही चर्चा जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर, अगदी तपशीलवार होते. डॉक्टर मोटारसायकलला वळूचं बीज ठेवलेलं नायट्रोजनचं भांडं लावून आला की शेजारीपाजारी गोळा होऊन सल्ले देतात. सुनेचं मात्र कुणी काही विचारत नाही. मी स्वतः दिवसभर माद्यांच्या हार्मोनबद्दल बोलणारी बाई, पण माझी पाळी पुढेमागे व्हायला लागली तेव्हा मी नवऱ्यालाही ते दोन महिन्यांनी, आमटीला मीठ कमी आहे का या प्रश्नाला जोडून सांगितलं.

पाळी पुढेमागे होण्याला माझ्याकडे कारणं भरपूर होती. एसटीचे खड्डे, प्रबंधाचा ताण, उन्हाळा, जागरणं, शिवाय उंदरांच्या खोलीतला वास. माझ्या जागी ओट्यावरची एखादी बाई असती तर मी तिला तोंडावर सांगितलं असतं, की वय अडतिशीचं आहे, आधी तपासून घे. नवऱ्याने ते मला सांगितलं. म्हणाला, एकदा नगरला एखाद्या चांगल्या बाईंना दाखवू. मी म्हटलं, सुट्टी मिळाली की नगरला अंडाशयातच असते मी, आणखी कुणाला काय दाखवायचं? माझ्या अंडाशयाबद्दल मला दुसऱ्या कुणी सांगावं, हे माझ्या नाकाला झेपणारं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला मूल हवं होतं. हे वाक्य मी तोवर कुणासमोर बोलले नव्हते. मी 'प्रबंध झाल्यावर बघू' असं म्हणायची, आणि ते इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की मूल हे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण असल्यासारखं मलाही वाटायला लागलं होतं.

आता ते मोजमाप कसं करतात हे सांगितल्याशिवाय पुढची फजिती कळणार नाही. नुकत्याच आईपासून तोडलेल्या लहान माद्या घ्यायच्या आणि त्यांना गाभण घोडीच्या रक्तातून काढलेल्या हार्मोनचं इंजेक्शन द्यायचं. दोन दिवसांत त्यांची अंडाशयं टरारून येतात. मग त्यांचं रक्त घ्यायचं, त्याचा वरचा निवळ भाग काढायचा आणि त्यात इस्ट्रोजेन किती ते बघायचं. त्यासाठी प्लास्टिकची एक ताटली असते, आप्पेपात्रासारखी, पण खळगे अगदी बारीक आणि पुष्कळ. एकेका खळग्यात एकेका उंदरिणीचा नमुना टाकायचा, वरून किटमधली द्रावणं टाकायची, आणि शेवटी रंग येतो.

यात मेख अशी, की या किटचा रंग उलटा वाचायचा असतो. किटमध्ये रंग आणणारं स्वतःचं हार्मोन असतं. ते आणि नमुन्यातलं हार्मोन एकाच जागेसाठी भांडतात, एसटीतल्या सीटसारखं. नमुन्यातले प्रवासी जास्त असले तर रंगवाल्यांना जागा मिळत नाही आणि खळगा फिका राहतो. नमुन्यात कुणीच नसलं तर रंगवाले पाय पसरून बसतात आणि खळगा गडद होतो. म्हणजे रंग जास्त, तर हार्मोन कमी. नव्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी शिकवते. एक मुलगी गडद खळगे बघून खूश झाली होती, तेव्हा तिला मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की साडी घ्यायला आली आहेस का रंगावर भाळायला. ती बिचारी पुन्हा कधी चुकली नाही.

त्या दिवशी माझ्या ताटलीत दोन खळगे रिकामे राहत होते. किटची मुदत संपत आली होती, ती ताटली पुन्हा वापरता येणार नव्हती, आणि गहू निवडताना चार दाणे सांडले तरी वेचणाऱ्या घरातली मी. रिकामे खळगे वाया जाताना बघवेनात. आणि मग डोक्यात तो विचार आला, जो उंदरांच्या अंडाशयांवर काम करणाऱ्या बाईशिवाय जगात कुणाच्याही डोक्यात येणार नाही. इस्ट्रोजेनचा रेणू सगळ्यांचा सारखाच असतो. उंदरिणीचा, म्हशीचा आणि प्राध्यापिकेचाही. मग किटला काय कळतंय?

रक्त काढून दिलं ते आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी. त्यांना मी सांगितलं, की तुलनेसाठी माणसाचा एक नमुना हवा आहे. कुणाचा, असं त्यांनी विचारल्यावर मी बाही वर केली. सुई टोचताना त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या. उंदराला सुई टोचायची तर आमच्याकडे समितीची परवानगी लागते. मला टोचायला कुणाचीच लागली नाही. माझा नमुना मी शेवटच्या ओळीत, कोपऱ्यात, दोन्ही खळग्यांत टाकला आणि त्याला उंदरिणींच्या रांगेतला पुढचा क्रमांक दिला.

मग रंग येण्याची वाट बघत बसले. आधी निळा रंग चढतो, मग आम्ल टाकलं की त्याचा पिवळा होतो. मी आम्ल टाकत टाकत शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि हात थांबला. सगळ्या ताटलीत माझे दोन खळगे उठून दिसत होते. उंदरिणींचे खळगे फिकट, पाणीदार, ताकासारखे. माझे गडद पिवळे, हळदीच्या पाण्यासारखे. मला इतका आनंद झाला की मी ताटली उजेडाला धरून पुन्हा बघितली. इतक्या वर्षांची भीती त्या दोन थेंबांत निघून गेली. मी लगेच नवऱ्याला मेसेज केला, 'किटवर बघितलं. सगळं छान आहे. तुमची बायको उंदरांपेक्षा सरस निघाली.' त्याचं उत्तर मिनिटभरात आलं, 'आईला सांगू?' मी लिहिलं, 'सांगा.'

दरवर्षी शिकवते मी हे. त्या मुलीला सगळ्यांसमोर टाकून बोलले होते मी. आणि स्वतःच्या खळग्यापुढे उभी राहून रंगावर भाळले.

ताटली यंत्रात घातली तेव्हाही मी गुणगुणत होते. यंत्राने आकडे काढले, आकड्यांवरून रेघ काढली, रेघेवरून प्रत्येकीचं इस्ट्रोजेन सांगितलं. माझ्या ओळीपाशी यंत्राने जवळजवळ शून्य लिहिलं होतं. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र चुकलं. मग आठवलं, रंग उलटा वाचायचा असतो. मी स्टुलावर बसले. तेवढ्यात मागून सर आले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, आकड्यांवर बोट फिरवत उभे राहायची त्यांची सवय. त्यांचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"मॅडम, पिल्लांत ही म्हातारी उंदरीण कुठून आली? काढून टाका, सरासरी बिघडवेल."

मी 'हो सर' म्हटलं आणि काढून टाकली. एक कळ दाबली, ती ओळ गेली आणि सरासरी खरंच सुधारली. सर पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी मला आजवर दिलेल्या सल्ल्यांपैकी तो शास्त्रीयदृष्ट्या सगळ्यात बरोबर सल्ला होता.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. फोन हातातच होता. एक मेसेज टाकला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण करंजीच्या घाटात रेंज जाते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घाट येण्याची वाट बघत बसले. घाट आला, रेंज गेली, आणि 'आता काय करणार, रेंजच नाही' असं मी स्वतःला सांगितलं. घाट उतरल्यावर रेंज परत आली. तिसगावला मी फोन पर्समध्ये ठेवून पर्सची चेन लावली.

घरी आले तर दारातूनच साजूक तुपाचा वास. आत्यांनी शिरा केला होता. रिपोर्ट चांगला म्हणजे त्यांच्या हिशेबी निम्मं काम झालं होतं. ओट्यावरच्या माझ्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी चौघी-पाच जणी आत बसल्या होत्या, आणि कासारणीला बोलावून हिरव्या बांगड्याही आणून ठेवल्या होत्या. आत्यांनी माझा हात हातात घेतला आणि एकेक बांगडी चढवली. माझा हात जाड, बांगड्या काही सहज जाईनात, तेव्हा त्यांनी माझ्या हाताला साबण लावला. मी उभ्या उभ्या 'आत्या, थांबा' म्हणायला हवं होतं. मी शिरा खाल्ला. पुन्हा घेतेस का विचारलं तर पुन्हा घेतला. शिरा फार चांगला झाला होता, हेही सांगितलं.

बाया गेल्या तेव्हा धारांची वेळ झाली होती. आत्या गोठ्यात धार काढायला बसल्या, नवरा गाईंपुढे वैरण टाकत होता. मी गोठ्याच्या दारात उभी राहिले आणि गाईच्या पाठीकडे बघत बोलले.

"आत्या, माझं चुकलं. मी उलटं वाचलं. रिपोर्ट चांगला नाही."

धारेचा आवाज थांबला नाही. नवरा पेंढी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी सगळं सांगितलं. किट, खळगे, सीटसाठी भांडणारे प्रवासी, गडद म्हणजे कमी. एका दमात, कॉलेजात सांगते तसं सांगितलं, कारण तसं सांगितलं नसतं तर रडूच आलं असतं. आत्यांनी ऐकून घेतलं. बादली बाजूला ठेवून त्यांनी हात पदराला पुसले.

"पन मंग आसलं उलटं यंत्र ठिवलंच कशाला तुमी?"

मला हसू फुटलं. इतकी वर्षं मी ते किट वापरते, इतक्या परिषदांना गेले, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हसता हसता मी रडायला लागले आणि मग ते थांबेना. बांगड्या नव्या, डोळे पुसायला हात वर केला की वाजायच्या, त्याने आणखीच रडू यायचं. नवरा गणिताचा मास्तर. तो म्हणाला, एका नमुन्यावरून काही ठरत नसतं, नीट तपासून घेऊ. त्याने पेंढी खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आईसमोर तो माझ्या इतक्या जवळ कधी उभा राहत नसे.

पुढच्या आठवड्यात आम्ही नगरला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. मी त्यांना माझ्या खळग्याची हकीकत सांगितली आणि त्या खुर्चीतच हसत सुटल्या. म्हणाल्या, हार्मोनची सुई टोचून टरारलेल्या पोरसवदा उंदरिणींच्या शेजारी बसून तुम्ही स्वतःला मोजलंत? रक्त पाळीच्या कितव्या दिवशी घेतलं होतं? मला आठवेना. ज्या बाईने उंदरांच्या चक्रातला तास न् तास टिपून ठेवला, तिला स्वतःचा दिवस आठवेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवातीच्या दिवसांत ते सगळ्यांचंच कमी असतं, त्यावरून काही म्हणता येत नाही. माझा जीव भांड्यात पडला. पुन्हा रंगावर भाळण्याची तयारी झाली.

मग त्यांनी माणसांच्या रीतीने तपासण्या केल्या. सोनोग्राफी झाली, रक्त योग्य दिवशी घेतलं. निकाल सांगताना त्या हसल्या नाहीत. फुगे जवळजवळ संपले होते. एफएसएच भरपूर वाढलेलं होतं, अंडाशय मात्र त्याला दाद देत नव्हतं. कधीकधी असं वेळेआधी होतं, तुमच्या कशाने झालेलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या कुणा बाईचं बीज घेऊन प्रयत्न करता येईल, तेही समजावून सांगितलं. नवरा शंका विचारत होता. मला विचारायला काहीच नव्हतं, मला सगळं समजत होतं. एफएसएच दिलं की या पेशी हार्मोन बनवतात, हे माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य आहे. मी ते इतक्या ताटल्यांवर सिद्ध केलं, आलेख काढले, पुन्हा पुन्हा करून बघितलं. आणि घरचं उदाहरण नेमकं त्याच्या विरोधात निघालं. माझ्या डोक्यातली सासू घसा फोडून ओरडत होती आणि आतल्या जावा घर सोडून गेल्या होत्या.

आत्यांना ते नवऱ्याने सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे कॉलेजात राहिले होते, तास संपून गेला होता. घरी आले तर आत्यांनी नेहमीसारखा चहा दिला. दूध जरा जास्त होतं. बांगड्या मी काढल्या नव्हत्या. काढायच्या म्हटल्या तर पुन्हा साबण लावावा लागला असता आणि तो कुणी लावायचा, हे मला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्याचं बीज घ्यायचं का, याचा आम्ही अजून विचार करतो आहोत. करतो आहोत म्हणजे कधी मी हो म्हणते तेव्हा तो गप्प असतो, कधी तो हो म्हणतो तेव्हा मी आमटीला मीठ बघते. उंदरांचं काम चालूच आहे. पेशी निरोप मिळाला की इमानेइतबारे कामाला लागतात. मला त्यांचा आता थोडा राग येतो, हे सरांना सांगता येत नाही.

परवा रविवारी मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. बाहेर ओट्यावर चपलांचा आवाज झाला. पलीकडच्या गल्लीतली नवी सून होती, बरोबर तिची सासू. पिशवीतून कागदांचा आवाज आला. मॅडम घरात हायत का, तेवढा रिपोर्ट बघत्याल का, असं ती सासू विचारत होती. माझे हात पिठात तसेच थांबले. जायचं, उजेडाला धरायचं, 'हं' म्हणायचं. भाकरीचं सांगायचं. मला ते जमेल असं वाटेना, आणि जमणार नाही म्हणायचीही लाज वाटत होती.

तेवढ्यात आत्यांचा आवाज आला, शांत, रोजच्यासारखा.

"आमची सून उंदरांची डॉक्टर हाय. बायांचं तिला काय इचारत जाऊ नगा."

ती बाई म्हणाली, की अहो तुम्हीच तर सांगत होता. आत्या म्हणाल्या की माझंच चुकलं, मला कुठं काय कळतंय, तुम्ही नगरला चांगल्या डॉक्टरला दाखवा. आणि चहा घेऊनच जा.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगते. मला वाटलं, बाहेर जाऊन म्हणावं की नाही हो, मला थोडंफार कळतं. इतक्या वर्षांची सवय, इतक्या लवकर थोडीच जाते. मी दारापर्यंत गेलेही. तिथून आत्या पाठमोऱ्या दिसत होत्या. उंबऱ्यावर उभ्या होत्या, एक हात या चौकटीला, दुसरा त्या चौकटीला, कुणाला आत येता येऊ नये अशा. ज्या बाईने कुणालाही मला कधी उंदरांची म्हणू दिलं नाही, ती ते स्वतःच्या तोंडाने, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत होती.

मी परत फिरले आणि चहाचं आधण ठेवलं.